के फॉर कांगारू आणि पेशव्यांचा गेंडा

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी: बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढे काढले आहेत. बाकी तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यापासून करू. ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल करत करत आपण के पाशी येतो. तिथे काही तक्त्यांवर काइट असतो आणि काहींवर कांगारू. आमच्या जुन्या जालन्यातल्या कुठल्याही पोराला तो कांगारू दाखवा, लगेच ओळखेल. पोटाची पिशवी, त्यातून डोकावणारं पिल्लू, जाड शेपूट. प्रत्यक्ष कुणीच बघितलेला नाही, तरी ओळख पक्की.

गंमत अशी आहे की भारतात रानात एकही शिशुधानी प्राणी नाही. शिशुधानी म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा. इथून पूर्वेकडे निघालात, तर पहिला जंगली शिशुधानी भेटेल तो थेट इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर. त्याचं नाव कसकस, झाडावर राहतो, चेहरा झोपेतून उठल्यासारखा. त्याआधी बंगाल नाही, ब्रह्मदेश नाही, कुठेच काही नाही. म्हणजे आपलं कांगारूशी जे काही नातं आहे ते शंभर टक्के चित्रातून आलेलं आहे.

मग मला प्रश्न पडला की पहिलं चित्र कुणी काढलं? आणि ज्याने काढलं त्याने तरी तो प्राणी बघितला होता का?

१७७० सालची गोष्ट. कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकावर आदळलं. तळाला भोक पडलं, म्हणून एका नदीच्या मुखाशी जहाज किनाऱ्याला ओढून काही आठवडे दुरुस्ती चालली. तिथे खलाशांना एक प्राणी दिसायला लागला. कुकने वहीत लिहिलं की रंग उंदरासारखा, आकार शिकारी कुत्र्याएवढा, शेपूट लांब, आणि पळतो मात्र सशासारखा किंवा हरणासारखा. म्हणजे गड्याने चार ओळखीचे प्राणी एकत्र करून पाचवा समजवायचा प्रयत्न केला. १४ जुलैला जॉन गोर नावाच्या अधिकाऱ्याने एक मारला, आणि दुसऱ्या दिवशी तो जेवणात गेला.

जहाजावर एक चित्रकार होता, सिडनी पार्किन्सन. वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांएवढं. खरं तर त्याला झाडाफुलांची चित्रं काढायला नेलं होतं. दुसरा चित्रकार ताहितीमध्ये वारला आणि सगळं काम याच्या अंगावर पडलं. (आयटीत असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) पार्किन्सनने कांगारूची पेन्सिलने भराभर रेखाटनं केली, ती आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. परतीच्या वाटेवर जावा बेटावर जहाजात आजार पसरला आणि जानेवारी १७७१ मध्ये हिंदी महासागरात पार्किन्सन गेला. त्याची रेखाटनं तेवढी घरी पोचली.

त्याच्याबरोबर पोचलं एक कातडं. मोहिमेतला श्रीमंत हौशी निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स, त्याने हे कातडं दिलं जॉर्ज स्टब्सला. स्टब्स म्हणजे त्या काळचा घोडे रंगवणारा सर्वांत मोठा चित्रकार. या माणसाने घोड्याचं शरीर समजून घेण्यासाठी जवळजवळ दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड केली होती आणि १७६६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं होतं. हाड न बघता स्नायू रंगवणारा तो नव्हे. पण कांगारूच्या बाबतीत त्याच्या हातात काय होतं? भरून किंवा फुगवून उभं केलेलं कातडं, आणि कुणीतरी सांगितलेली वर्णनं.

१७७२ मध्ये त्याने ‘न्यू हॉलंडचा कोंगूरो’ रंगवला. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात तो लागला, आणि त्यावरून केलेलं छापचित्र कुकच्या प्रवासाच्या पुस्तकात गेलं. चित्रात कांगारू एका उंचवट्यावर बसून मान वळवून मागे बघतोय. नीट बघितलं तर वाटतं, हा फार मोठा उंदीर आहे आणि त्याला सशाचे पाय लावलेत. मला चित्र आवडतं, खोटं का बोला. पण त्यात हवा भरलेली आहे हे कळतं. तरीही युरोपने कांगारू म्हणून पुढे कित्येक वर्षं हाच बघितला. २०१३ मध्ये हे चित्र आणि त्याच्याच जोडीचं डिंगो कुत्र्याचं चित्र, दोन्ही मिळून ५५ लाख पौंडांच्या आसपास देऊन ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमने घेतली. ऑस्ट्रेलियालाही ती हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, जालन्याचा पोरगा लंडनच्या चित्रात का घुसलाय? थांबा, आपण घरी येतोय. वाटेत फक्त गोव्याला एक थांबा.

कारण हाच प्रकार आपल्या प्राण्याबरोबर आधीच होऊन गेला होता, अडीचशे वर्षं आधी. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याने पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाला पाठवला. २० मे ला गेंडा लिस्बनला उतरला. तिथे त्याचं नाव पडलं ‘गांडा’. आपलाच ‘गेंडा’ शब्द, जरा वाकडा होऊन. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळीने बांधलेला प्राणी, पोहता येत असूनही बुडाला.

जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने हा गेंडा कधीच बघितला नाही. लिस्बनहून आलेलं एक पत्र आणि एक कच्चं चित्र यावरून त्याने लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, आणि कहर म्हणजे खांद्यामागे पाठीवर एक जादा छोटं शिंग! पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातल्या पुस्तकांनी हाच गेंडा कॉपी पेस्ट केला, पाठीवरच्या शिंगासकट. एकाने चूक केली की पुढचे शंभर जण ती न तपासता उचलतात, ही सवय इंटरनेटने आणलेली नाही एवढं तरी कळलं.

आणि आता पुणे, नोव्हेंबर १७९०.

पेशवे आहेत सवाई माधवराव. वय सोळा. कारभार नाना फडणवीसांच्या हातात. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे असा एकत्र करार त्याच वर्षी झालेला, लढाई चालू. आणि या सगळ्यात सोळा वर्षांच्या पेशव्यांना हौस आहे प्राण्यांची. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा प्राणिसंग्रह होता, शिकारखाना म्हणायचे त्याला. सिंह होता, हरणं होती, आणि एक गेंडा होता.

पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स मॅलेट. १७८६ पासून तो इथे होता. मॅलेटला दरबारातलं, देवळातलं, लेण्यांतलं सगळं कागदावर हवं असायचं. त्यासाठी त्याच्याकडे काम करायचा गंगाराम चिंतामण तांबट. आडनाव नवगिरे असंही सांगतात. ‘तांबट’वरून जातीधंद्याचा अंदाज येतोच, पुण्यात तांबट आळी आजही आहे. तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालणाऱ्या लोकांतला हा माणूस कागद आणि रंग घेऊन पेशव्यांच्या गेंड्यासमोर बसला.

ते चित्र आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये, पॉल मेलन संग्रहात आहे. मी ते पहिल्यांदा मोबाइलवर बघितलं तेव्हा सगळ्यात आधी पाठ झूम केली. पाठीवर शिंग नाही! गेंड्याला जेवढी शिंगं असतात तेवढीच आहेत, म्हणजे एक, आणि नाकावर. तुम्ही हसाल, पण ड्यूररच्या गेंड्यापासून इथपर्यंत पावणेतीनशे वर्षं गेली आहेत, आणि दुरुस्ती करायला लागली ती फक्त समोर बसून बघण्याची.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि गंगारामबद्दल बोलताना ती पटकन निसटते. त्याच्याबद्दल कुठेही वाचायला गेलात तर लगेच येतं की स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने त्याला तयार केलं. वेल्स पुण्यात आला, मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची सोय झाली, गंगाराम वेल्सचा मदतनीस झाला. हे खरं आहे. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे प्रसिद्ध तैलचित्र आपण इतिहासाच्या पुस्तकात बघतो ते वेल्सचंच. पण तारखा लावून बघा ना. वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये. गेंड्याचं चित्र आहे नोव्हेंबर १७९० चं. म्हणजे ‘शिकवणारा’ अजून हिंदुस्थानात पोचलाही नव्हता तेव्हा गंगारामने गेंडा काढून ठेवला होता.

वेल्सकडून तो पुढे काही शिकला नसेल असं मी म्हणत नाही. शिकला असणारच, दोघं एकत्र लेण्यांमध्ये काम करत होते. गंगारामने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. वेरूळ म्हणजे आमच्या जालन्याहून दीडदोन तासांचा रस्ता. वेल्स १७९५ मध्ये साष्टीतली लेणी रेखाटत असताना आजारी पडून वारला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. एका वर्षात शिकवणारा गेला आणि प्राण्यांची हौस असलेला मालकही गेला. दोन वर्षांनी मॅलेटनेही पुणे सोडलं. वेल्सची वेरूळची चित्रं १८०३ मध्ये लंडनला मोठ्या पुस्तकात आली, ती थॉमस डॅनियलने तयार केली. त्याच १८०३ च्या सप्टेंबरमध्ये आमच्याच जिल्ह्यात, भोकरदनजवळच्या असईला मराठ्यांची आणि वेलस्लीची लढाई झाली. हे आपलं असंच, तारखा शेजारी दिसल्या म्हणून सांगितलं.

आणि अजून एक जुळणी ऐका, ही मात्र नुसती गंमत नाही. कांगारूवाला स्टब्स आठवतोय ना? त्यानेही एक भारतीय गेंडा रंगवला आहे, लंडनमधल्या एका खेळवाल्याकडचा जिवंत गेंडा बघून. जॉन हंटर या शल्यविशारदाच्या संग्रहातलं ते चित्र, आणि त्याचं साल मानतात १७९० च्या सुमारास. म्हणजे एकाच सुमाराला, इकडे पर्वतीच्या पायथ्याशी गंगाराम आणि तिकडे लंडनमध्ये स्टब्स, दोघं एकाच जातीच्या प्राण्यासमोर बसले होते. कातडं फुगवून कांगारू रंगवणारा स्टब्स जिवंत गेंडा मिळाल्यावर अफाट काम करतो. म्हणजे कसब कमी कधीच नव्हतं. समोर प्राणी आहे की नाही, एवढाच मुद्दा होता. त्या एका बाबतीत लंडनचा उस्ताद आणि पुण्याचा तांबट एका रांगेत येतात.

बरं, आता जालना.

कुंडलिकेच्या अलीकडे पलीकडे जुना आणि नवा जालना, मस्तगड, मोती तलाव, बियाणं आणि स्टील, एवढी आमची ओळख. त्यात कुणी छावणीचं नाव घेत नाही. पण निजामाच्या राज्यातल्या या गावात १८२७ च्या सुमारास लष्करी छावणी उभी राहिली आणि १९०३ पर्यंत इथे मद्रासी पलटणी होत्या. त्यातल्या एका घोडदळाबरोबर १८३७ मध्ये एक डॉक्टर आला, थॉमस जर्डन. वय पंचवीस सव्वीस. पुढची चारेक वर्षं त्याची दख्खनमध्येच गेली. पलटणीतल्या लोकांना औषधपाणी करायचं आणि उरलेल्या वेळात माळावर बंदूक घेऊन पक्षी गोळा करायचे. १८३९ पासून मद्रासच्या एका नियतकालिकात त्याची द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची यादी छापून यायला लागली.

त्या यादीत एक साधासा, मातकट, खडकाळ माळावर तुरुतुरु चालणारा पक्षी होता. १८४० मध्ये जर्डनने त्याला नाव दिलं, ‘सिमिलिस’. आज जगभर त्याला ‘अँथस सिमिलिस’ म्हणतात, लांब चोचीचा पिपिट. मराठीत या कुळाला आपण तीरचिमण्या म्हणतो. आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत हा पक्षी सापडतो, आणि पक्षीशास्त्राच्या याद्यांत त्याचं मूळ ठिकाण म्हणून नाव लागतं जालना. आमच्या गावाचं नाव! मी इथे शाळा केली, कॉलेजला बाहेर गेलो, परत आलो, आणि हे मला एका रात्री भलतंच काही शोधताना कळलं.

जर्डनने गोळा केलेल्या पक्ष्यांची कातडी ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिनकडे पाठवली. जहाजाने जाऊन पोचेपर्यंत त्यांना कसर लागली, किडे खाऊन गेले. इथे मला पुन्हा स्टब्सच्या टेबलावरचं कातडं दिसतं. प्राणी इथे, तज्ज्ञ तिथे, आणि मध्ये सहा महिन्यांचा समुद्र. त्यानंतर जर्डनने स्वतःच्याच ओळखीवर भरवसा ठेवायचं ठरवलं. १८४३ ते १८४७ मध्ये मद्रासहून त्याचं ‘इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन ऑर्निथॉलॉजी’ निघालं. त्यात ५० चित्रं आहेत, आणि ती काढली स्थानिक चित्रकारांनी. विलायतेतल्या ह्यू स्ट्रिकलंडसारख्या पक्षीतज्ज्ञांनी त्या चित्रांची तारीफ केली.

पुढे जर्डनने ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ लिहिलं, १८६७ मध्ये ‘मॅमल्स ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यात अर्थातच पिशवीवाला प्राणी एकही नाही. त्याच्या नावाचे पक्षी झाले, साप झाला. चित्रं काढणारे मात्र ‘स्थानिक चित्रकार’ या दोन शब्दांत बसले. आमच्या कामात एक कमांड असते, गिट ब्लेम. फाइलमधली कुठली ओळ कुणी लिहिली ते नावासकट दाखवते. ही कमांड त्या ५० चित्रांवर चालवून बघावी असं मला फार वाटतं.

नाव टिकणं हे चित्राच्या दर्जावर नसतं, कागद कुणी जपला यावर असतं. कलकत्त्यात १७७० च्या दशकाच्या शेवटी लेडी मेरी इम्पीसाठी पक्षी प्राणी काढणारे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ती चित्रांवरच लिहिलेली आहेत. गंगारामचं नाव मॅलेटने जपलेल्या कामाबरोबर समुद्रापार गेलं आणि वाचलं. पार्किन्सनचं वाचलं. आणि तो प्राणी? ‘कांगारू’ हा शब्दही कुकच्या लोकांनी त्या नदीकाठच्या गूगू यिमिथिर लोकांकडून घेतला. त्यांच्या भाषेत एका जातीच्या कांगारूला ‘गांगुरु’ म्हणतात. कांगारू म्हणजे ‘मला माहीत नाही’ हा जो किस्सा व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी येतो, तो साफ खोटा आहे. विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी तिथे जाऊन विचारलं आणि लोकांनी शब्द सांगितला. त्यांना अगदी नीट माहीत होतं.

जर्डनच्या काळात दख्खनच्या माळावर माळढोक होता. पावसाळ्यात पंचवीस पंचवीसचे थवे दिसल्याचं त्यानेच लिहून ठेवलंय. शेजारच्या अहमदनगरकडे एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्याने. आज नान्नजच्या अभयारण्यातसुद्धा माळढोक दिसला तर बातमी होते. आपल्या बालवाडीच्या तक्त्यावर ‘म’ ला मगर असते, माकड असतं. माळढोक मी तरी अजून बघितलेला नाही, तक्त्यावरही नाही आणि माळावरही नाही.

तर मंडळी, गृहपाठ. येलच्या साइटवर जाऊन गंगाराम तांबट शोधा, चित्र फुकट बघता येतं. घरी आजीआजोबांना दाखवा आणि सांगा की हे पुण्याच्या माणसाने काढलंय. आणि तक्ते काढणारं कुणी ऐकत असेल तर ‘म’ चा विचार करा ना प्लीज.

मी या रविवारी सकाळी गावाबाहेरच्या खडकाळ टेकाडावर जाणार आहे, आमची तीरचिमणी दिसते का बघायला. दिसली तर फोटो टाकेन. पण ओळखण्यात चूक झाली तर समजून घ्या, कारण जर्डनने दिलेल्या त्या ‘सिमिलिस’चा अर्थच मुळात ‘दुसऱ्यासारखा दिसणारा’ असा आहे.